दुसऱ्या प्रयत्नासाठी कोरे प्रश्न

जीआरई दुसऱ्यांदा देणाऱ्याची अडचण पहिल्यांदा देणाऱ्याहून वेगळी असते. पहिल्या वेळी काय वाचावं तेच कळत नाही. दुसऱ्या वेळी वाचण्यासारखं सगळं वाचून झालेलं असतं. सांगली, लातूर, बेळगावकडून इंजिनिअरिंग करून नोकरीसाठी बंगळुरूला आलेली अनेक मुलं-मुली दोन-तीन वर्षांनी एमएस किंवा पीएचडीचा विचार करू लागतात. गणिताचा भाग त्यांना फारसा छळत नाही. गाडी अडते ती व्हर्बलपाशी, म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागापाशी. मग गुण कमी पडले म्हणून परीक्षा पुन्हा द्यायचं ठरतं आणि शोध सुरू होतो: आता सराव कशावर करायचा?

बाजारात सराव प्रश्नांना तोटा नाही. अ‍ॅप आहेत, क्लासचे गठ्ठे आहेत, मित्रांकडून आलेल्या फायली आहेत. तोटा आहे तो चांगल्या आणि आपण कधीही न पाहिलेल्या प्रश्नांचा. म्हणून दुसऱ्या प्रयत्नात नवे प्रश्न गोळा करण्यापेक्षा जे चांगले प्रश्न अजून कोरे आहेत ते जपून वापरणं महत्त्वाचं ठरतं.

हिशेब मांडू या

जीआरई घेते अमेरिकेतली ईटीएस ही संस्था. २२ सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा छोटी झाली आणि आता ती १ तास ५८ मिनिटांची असते. त्यात व्हर्बलचे दोन भाग: पहिल्यात १२ प्रश्न १८ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २३ मिनिटांत. एकूण २७ प्रश्न, ४१ मिनिटं आणि १३० ते १७० ही गुणांची पट्टी. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते.

ईटीएसने स्वतः उपलब्ध केलेलं साहित्य मोजकं आहे. ‘पॉवरप्रेप’ नावाच्या दोन ऑनलाइन परीक्षा मोफत मिळतात, ‘पॉवरप्रेप प्लस’च्या तीन परीक्षांना पैसे पडतात. पाचही मिळून व्हर्बलचे प्रश्न होतात १३५. व्हर्बलचं स्वतंत्र अधिकृत पुस्तक आहे, त्यात १५० प्रश्न. अधिकृत मार्गदर्शकातले प्रश्न धरले तरी सगळा साठा काही शेकड्यांत संपतो. पहिल्या प्रयत्नाची तयारी मन लावून केली असेल तर यातला बराचसा उडालेला असतो.

हेच प्रश्न पुन्हा सोडवले की गुण वाढलेले दिसतात, पण त्या वाढीत आठवणीचा वाटा किती आणि समजेचा किती हे वेगळं काढता येत नाही. उतारा दिसताच ‘याचं उत्तर तिसरा पर्याय’ असं हात सांगतो. त्या विश्वासावर परीक्षेची तारीख घेतली की फसगत होते.

अधिकृत प्रश्नाची नक्कल का साधत नाही

खासगी प्रकाशकांचे हजारो प्रश्न आहेत, मग अधिकृत प्रश्नांचंच एवढं कौतुक का? ते पटण्यासाठी व्हर्बलचा प्रश्न आतून कसा बांधलेला असतो ते पाहू. जीआरईत ‘सेंटेन्स इक्विव्हॅलन्स’ नावाचा एक प्रकार आहे. वाक्यात एक रिकामी जागा आणि सहा पर्याय असतात. त्यातून असे दोन निवडायचे की दोन्ही वेगवेगळे घालून वाक्याचा अर्थ एकच राहील. मराठीत तसा एक प्रश्न रचला तर तो असा दिसेल:

‘कामगारांविषयी मालकांना वाटणारी आस्था ______ होती, पगारवाढीचा विषय निघाला की त्यांना नेमकी बाहेरगावची कामं आठवत.’

पर्याय: दिखाऊ, अस्सल, अवाजवी, वरवरची, प्रामाणिक, अनाकलनीय.

उत्तर दिखाऊ आणि वरवरची. पण रचनेकडे नीट पाहा. ‘अस्सल’ आणि ‘प्रामाणिक’ हीसुद्धा एक जुळणारी जोडी आहे. स्वल्पविरामापर्यंतच वाचून जोडी शोधणारा तिथे अडकतो. ‘अनाकलनीय’ वाक्यात ओढूनताणून बसवता येईल, पण त्याला जोडीदार नाही. ‘अवाजवी’ हा शब्द, मालकांबद्दल आधीच मत बनवून वाचणाऱ्याला खुणावतो. सहाही शब्द कुणालाही माहीत असलेले आहेत. तपासलं जातं ते वाक्याचा दुसरा भाग पहिल्याला कोणत्या दिशेला वळवतो याचं भान.

याची स्वस्त नक्कल करणारा काय करतो? ‘दिखाऊ’च्या जागी कोशातला एखादा दुर्मीळ शब्द घालतो. प्रश्न अवघड झाल्यासारखा वाटतो, पण मुळातलं कसब निघून जातं आणि उरते ती पाठांतराची परीक्षा. अशा शंभर प्रश्नांचा सराव केला तर मन चुकीच्या गोष्टीला सरावतं: वाक्य वाचायचं सोडून पर्यायांकडे धावायला.

अधिकृत प्रश्न अनेक परीक्षकांच्या हातांखालून जातो. २०२३ पूर्वीच्या परीक्षेत एक न मोजला जाणारा भाग असे आणि त्यात नवे प्रश्न खऱ्या उमेदवारांवर आजमावले जात. किती जणांना उत्तर आलं एवढंच त्यातून पाहायचं नसतं. एकूण परीक्षेत चांगले गुण मिळवणाऱ्यांना तो प्रश्न येतो का आणि कमी गुणांच्या उमेदवारांचा चुकतो का, हेही तपासायचं असतं. हुशार उमेदवार जिथे चुकतात आणि बाकीच्यांचं अंदाजाने बरोबर येतं, तो प्रश्न सदोष ठरतो. उतारा-वाचनात तर चुकीचे पर्याय रचणं बरोबर पर्याय लिहिण्याहून अवघड असतं, कारण चुकीचा पर्याय मोहात पाडणारा हवा आणि तरीही निर्विवाद चुकीचा हवा. एवढा खटाटोप बहुतेक प्रकाशकांना परवडत नाही.

पाहिलेल्या प्रश्नांचं काय करायचं

जुने प्रश्न टाकून द्यायचे नाहीत, त्यांच्याकडून वेगळं काम करून घ्यायचं. उत्तर ठाऊक आहेच, तर आता प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर तो का चुकीचा हे एका ओळीत लिहायचं. उताऱ्यातल्या कोणत्या शब्दांनी तो पर्याय बाद होतो? तो उताऱ्यात नसलेलं सांगतो, जास्त सांगतो, उलट सांगतो, की खरं असूनही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही? पन्नासेक प्रश्नांवर हे केलं की आपल्या चुकांचा स्वभाव समोर येतो.

चुकांची वही चार रकान्यांची पुरते: शब्द माहीत नव्हता, वाक्याचं वळण हुकलं, उतारा चुकीचा समजला, वेळ संपला. बहुतेकांना वाटतं आपली अडचण शब्दांची आहे. वही लिहिल्यावर अनेकदा दिसतं की शब्द माहीत होते, वाक्य हातातून निसटलं होतं. त्यावर साहित्याची निवड ठरते. वळण हुकणाऱ्याने नवी शब्दयादी आणून उपयोग नाही.

आयआयएमच्या कॅटला पुन्हा बसणाऱ्यांचं नशीब याबाबतीत बरं आहे. २०१७ पासून प्रश्नपत्रिका उघड होतात आणि उमेदवाराला स्वतःची उत्तरपत्रिका उत्तरसूचीसह पाहायला मिळते. म्हणजे खऱ्या परीक्षेत, खऱ्या ताणाखाली आपण कुठे घसरलो याचा कागद हातात असतो. पुनर्परीक्षेच्या तयारीची सुरुवात त्या कागदापासून व्हायला हवी. व्यवस्थापन प्रवेशाच्या जीमॅटच्या सध्याच्या गुणपत्रकातही प्रश्नप्रकारानुसार कामगिरी आणि वेळेचा तपशील मिळतो, तोही असाच वाचावा.

निवृत्त प्रश्नांचा खजिना

आता नवं, म्हणजे आपल्यासाठी नवं, साहित्य. त्यातलं सगळ्यात मोठं कोठार जुन्या जीआरईतच आहे. ईटीएसने १९९६ मध्ये ‘बिग बुक’ म्हणून ओळखलं जाणारं एक जाडजूड पुस्तक काढलं होतं. त्यात प्रत्यक्ष होऊन गेलेल्या २७ परीक्षा आहेत. तेव्हाच्या व्हर्बलच्या एका भागात ३८ प्रश्न असत: ७ वाक्यपूर्तीचे, ९ शब्दसंबंधांचे, ११ उतारा-वाचनाचे आणि ११ विरुद्धार्थी शब्दांचे. प्रत्येक परीक्षेत असे दोन भाग.

ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षा बदलली, शब्दसंबंध आणि विरुद्धार्थी शब्द हे दोन्ही प्रकार गेले. म्हणून ‘बिग बुक’ जुनं झालं असं मानतात. पण आकडे मांडा: २७ परीक्षांत उतारा-वाचनाचे ५९४ आणि वाक्यपूर्तीचे ३७८ प्रश्न येतात. म्हणजे साडेनऊशेहून जास्त, सगळे खुद्द ईटीएसचे. उतारे आजच्यापेक्षा लांब आहेत, वाक्यपूर्तीची मांडणीही थोडी वेगळी आहे, पण चुकीचे पर्याय रचण्याची पद्धत त्याच घरची आहे. पुस्तक आता छापलं जात नाही, जुन्या बाजारात शोधावं लागतं.

शेजारच्या परीक्षांकडून उसनवारी

वाचनाचं कसब एकाच परीक्षेच्या मालकीचं नसतं. जीमॅटच्या व्हर्बलमध्ये आता उतारा-वाचन आणि युक्तिवादाचे प्रश्न एवढेच उरले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा वाक्यशुद्धीचा प्रकार वगळला गेला. त्यामुळे जुनं अधिकृत जीमॅट पुस्तक कुठे स्वस्तात मिळालं तर वाक्यशुद्धीचा भाग सोडून द्यावा आणि उरलेलं वापरावं. जीआरईतही ‘या युक्तिवादाला कशाने धक्का बसेल’ छापाचे छोटे परिच्छेद येतात, त्यांच्यासाठी हे प्रश्न नेमके आहेत.

अमेरिकेतल्या कायदा प्रवेशाची एलसॅट ही परीक्षा तर युक्तिवादाची तालीमच. तिच्या अनेक जुन्या प्रश्नपत्रिका प्रसिद्ध झालेल्या आहेत आणि ती घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की काही मोफत मिळतात. तिचे उतारे जीआरईपेक्षा दाट असतात, म्हणून दिवसाला एक उतारा पुरे.

घरच्या अंगणातली कॅट मात्र जीआरईवाले विसरतात. अलीकडच्या कॅटमध्ये भाषेच्या भागात ४० मिनिटांत २४ प्रश्न असतात, त्यातले १६ चार उताऱ्यांवर. २०१७ ते २०१९ दर वर्षी दोन सत्रं झाली, २०२० पासून तीन. म्हणजे वीसहून अधिक पूर्ण प्रश्नपत्रिका फुकट उपलब्ध आहेत. उताऱ्यांचे विषय जीआरईसारखेच: मानववंशशास्त्र, पर्यावरण, कलेचा इतिहास, तत्त्वज्ञान. परिच्छेदाचा सारांश निवडण्याचा प्रश्नप्रकार जीआरईच्या मुख्य मुद्दा ओळखण्याच्या प्रश्नाला फार जवळचा आहे. कॅटवाल्यांनीही उलट दिशेने जीमॅटचे युक्तिवाद घ्यायला हरकत नाही.

खासगी पुस्तकांना या रांगेत शेवटची जागा. मॅनहॅटन प्रेपच्या ‘पाच पौंडी’ पुस्तकात अठराशेहून अधिक प्रश्न आहेत आणि बसण्याची सवय, घड्याळाचा अंदाज यासाठी ते उपयोगी पडतं. त्यावरून परीक्षेतल्या गुणांचा अंदाज मात्र बांधू नये.

बंगळुरूत कुठे शोधाल

जुन्या पुस्तकांच्या बाबतीत या शहराचा हात धरणारी गावं थोडी. चर्च स्ट्रीटवर ब्लॉसम आणि बुकवर्म ही नव्या-जुन्या पुस्तकांची मोठी दुकानं आहेत. ब्रिगेड रोडलगतचं सिलेक्ट बुक शॉप १९४५ पासूनचं. अभ्यासाच्या जुन्या पुस्तकांसाठी अव्हेन्यू रोड. इथे आयटीवाल्यांची एक पिढी अमेरिकेला गेली आणि तयारीची पुस्तकं मागे ठेवून गेली, त्यामुळे जीआरई-जीमॅटच्या वापरलेल्या प्रती फिरत राहतात.

घेताना वर्ष आणि आतली अनुक्रमणिका पाहा. सगळ्यात जास्त सापडतं ते बॅरन्सचं जुनं पुस्तक, साडेतीन हजार शब्दांच्या यादीमुळे इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत खोलीखोलीत पोचलेलं. विरुद्धार्थी शब्दांच्या काळात त्या यादीला अर्थ होता. आता एवढे शब्द घोकण्यापेक्षा त्याच पुस्तकातल्या ३३३ वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी वाक्यांसकट पक्की करावी. पुस्तकात आधीच्या मालकाने पेन्सिलीने उत्तरं नोंदवली असतील तर ते घेऊ नका, कारण आपल्याला कोरे प्रश्न हवे आहेत.

दुसरी गोष्ट कच्च्या वाचनाची. प्रश्नांनी कसब तपासलं जातं, पण ते वाढतं दाट गद्य वाचून. याबाबतीत बंगळुरूकराला परदेशी मासिकांकडे जायची गरज नाही. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये इथे स्थापन केलेली इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस ‘रेझोनन्स’ हे मासिक १९९६ पासून काढते आणि त्याचे जुने-नवे लेख अकॅडमीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. विज्ञानाचा इतिहास आणि शास्त्रज्ञांची चरित्रं यांवरचे त्यातले लेख जीआरईच्या विज्ञान-उताऱ्यांच्या सुरातले असतात. ‘करंट सायन्स’ही १९३२ पासून याच शहरातून निघतं. समाजशास्त्र आणि अर्थकारणासाठी मुंबईचं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ आहे. त्यातली लांब, अटी घालत पुढे जाणारी वाक्यं सुरुवातीला दमवतात, पण परीक्षेतली वाक्यंही तशीच असतात. शांत बसून वाचायला कब्बन पार्कातलं लाल इमारतीचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. बसवनगुडीत बी. पी. वाडिया यांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चरचं ग्रंथालयही आहे. ते जमत नसेल तर व्हाइटफील्डहून येणारी मेट्रो आहेच, एका बैठकीत एक लेख सहज होतो.

वाचताना एक सवय लावावी. प्रत्येक परिच्छेद संपला की लेखक काय म्हणतो आणि का म्हणतो, हे एका मराठी वाक्यात मनाशी सांगायचं. इंग्रजीतून इंग्रजीत सारांश केला की मूळ वाक्यातले शब्दच पुन्हा उच्चारले जातात आणि समजल्याचा भास होतो. मराठीत सांगायचं म्हटलं की तो आधार सुटतो. तिथे अडखळलात तर परिच्छेद कळलेला नाही. लेखक स्वतःचं मत मांडतोय की खोडून काढण्यासाठी दुसऱ्याचं मत सांगतोय, हा फरक या सवयीने फार लवकर पकडीत येतो, आणि उताऱ्यावरचे बरेच प्रश्न त्या फरकावरच उभे असतात.

फुटलेल्या प्रश्नांपासून लांब

शोधाच्या वाटेवर कुणीतरी ‘परीक्षेत आलेले ताजे प्रश्न’ देऊ करतोच. त्याचा इतिहास माहीत असावा. परीक्षा देऊन आलेले उमेदवार आठवणीतले प्रश्न इंटरनेटवर टाकत आहेत हे उघड झाल्यावर ईटीएसने २००२ मध्ये चीन, तैवान आणि दक्षिण कोरियात संगणकावरची जीआरई थांबवली आणि तिथे पुन्हा कागदी परीक्षा आणली. चीनमधले व्हर्बलचे सरासरी गुण त्याआधी, ८०० च्या पट्टीवर, शंभराने फुगले होते. जीमॅटच्या बाबतीत २००८ मध्ये असेच प्रश्न पुरवणाऱ्या ‘स्कोअरटॉप’ या संकेतस्थळाविरुद्ध अमेरिकी न्यायालयाने २३ लाख डॉलरहून अधिक भरपाईचा निकाल दिला आणि त्या वर्षी ८४ उमेदवारांचे गुण रद्द झाले. नियमाची बाजू क्षणभर सोडली तरी असे प्रश्न अर्धवट आठवणीतले असतात. व्हर्बलमध्ये एक ‘तथापि’ गळला तरी उत्तर उलटं होतं.

बियाण्याचा नियम

आता क्रम लावू. शेतकरी पेरणीसाठी ठेवलेल्या बियाण्याला वर्षभर हात लावत नाही, तसे पाच अधिकृत परीक्षांपैकी निदान दोन शेवटपर्यंत न उघडता ठेवा. पहिल्या प्रयत्नात मोफत दोन्ही संपल्या असतील तर ‘प्लस’मधल्या दोन विकत घेणं हा या साऱ्या तयारीतला सगळ्यात सार्थ खर्च. सुरुवातीचे आठवडे पाहिलेल्या प्रश्नांची चिरफाड आणि चुकांची वही. मग ‘बिग बुक’, कॅट, एलसॅट, जीमॅट यांतलं आपल्या रकान्याला लागू असलेलं साहित्य, आधी घड्याळाशिवाय, नंतर घड्याळ लावून. त्याच्या जोडीला रोजचं वाचन आणि वाक्यातून गोळा केलेले शब्द. मध्यंतरी उरलेल्यांपैकी एक अधिकृत परीक्षा प्रगती पाहण्यासाठी. राखून ठेवलेल्या दोन अगदी शेवटी, एका आठवड्याच्या अंतराने, सलग बसून, खऱ्या वेळेत.

दोन प्रयत्नांत किमान २१ दिवसांचं अंतर लागतं आणि कोणत्याही बारा महिन्यांत पाच वेळा बसता येतं. पण २१ दिवसांत वाचनाचं कसब बदलत नाही. व्हर्बलच्या गुणांत मोजमापाचीच दोन-अडीच गुणांची घट-वाढ गृहीत असते. म्हणजे १५२ चे १५४ झाले तर त्यात तयारीचा हात असेलच असं नाही, काहीही न करता पुन्हा बसलं तरी तेवढा फरक पडू शकतो. म्हणून आधी ज्या विभागांकडे अर्ज करायचा आहे त्यांच्या अटी वाचाव्यात. करोनानंतर अनेक विभागांनी जीआरई ऐच्छिक केली आहे किंवा बंदच केली आहे. यादीतल्या बहुतेकांना ती नको असेल तर ते महिने प्रकल्पावर आणि उद्देशपत्रावर घालवणं फायद्याचं. गुण पाच वर्षं चालतात आणि कोणत्या प्रयत्नाचे गुण पाठवायचे ते उमेदवाराला निवडता येतं, त्यामुळे पुन्हा बसण्यात प्रवेशाच्या दृष्टीने धोका नाही, खर्च आहे तो पैशाचा आणि वेळेचा. अट असेलच, तर तारीख मनाच्या उभारीवर घेऊ नका. कोऱ्या राखलेल्या दोन्ही परीक्षांत लक्ष्यापेक्षा तीन गुण वर आले की त्याच संध्याकाळी घ्या.